चौकातला समान न्याय

राजवाड्याचा पांढरा घुमट धुराने काळा पडला, तेव्हा कुठे करंजगडच्या भुजंगराव महाराजांना कळलं की शहरात वाहतूक तुंबते! रयत वर्षभर खोकत होती. पण रयतेच्या छातीवर घुमट थोडाच असतो?

तुंबण्याचं कारण होतं महाराजांचा लाडका दिवा. लाल-हिरवा, खास विलायतेहून आणवलेला. खाली संगमरवरी पाटी: ‘चारही रस्त्यांना समान न्याय.’ म्हणून प्रत्येक रस्त्याला घड्याळ लावून पाच मिनिटं हिरवा. बाजाररस्त्यावर दोनशे मोटारी धूर ओकत उभ्या; आणि राजवाड्याच्या रस्त्यावर एक मांजर झोपलेलं, तर त्यालाही पाच मिनिटं हिरवा! मांजराची या न्यायाबद्दल काहीच तक्रार नव्हती.

दिव्याची कळ फिरवायचा राणबा. महाराजांनी त्यालाच धरलं.

“तीन दिवसांत धूर निम्मा कर! रस्ता रुंद करायचा नाही, एकही गाडी परत पाठवायची नाही, पाटीवरचा हुकूम मोडायचा नाही. नाहीतर तुरुंग!”

दरबारातले विद्वान मदतीला धावलेच. एक म्हणाला, घुमट काळाच रंगवू. दुसरा म्हणाला, धूर जावा म्हणून चौकात मोठा होम करू!

राणबा घरी येऊन डोकं धरून बसला. त्याची मुलगी ठकू चौकात फुटाणे विकायची. खोळंबलेले ड्रायव्हर हेच तिचं गिऱ्हाईक. गाड्या सुटल्या तर धंदा बसणार, हे तिला चांगलं कळत होतं. पण बापाचा उतरलेला चेहरा तिला बघवेना.

“आबा, उद्यापासून कळ मी फिरवते.”

“मग घड्याळ घेऊन जा.”

“घड्याळाला रांग दिसते का? मला दिसते!”

दुसऱ्या दिवशी ठकू दिव्याशेजारच्या मचाणावर चढली. जिकडे रांग, तिकडे हिरवा. रांग सरली की लगेच पुढचा रस्ता. रिकाम्या रस्त्याला लाल. संध्याकाळपर्यंत गाड्या भराभर निघून जायला लागल्या आणि फुटाण्यांची टोपली भरलेलीच राहिली. तिसऱ्या दिवशी तर लोकांना चौकातून आभाळ दिसलं! काही जण घाबरलेच.

खात्री करायला महाराज स्वतः मोटारीतून निघाले. चौकात आले, आणि समोर लाल दिवा!

“कोण आहे रे तिकडे? आम्हाला लाल?”

“मी ठकू, सरकार! राणबाची मुलगी.”

“आमच्या रस्त्याची पाच मिनिटं कुठे गेली? पाटी वाचता येत नाही? समान न्याय!”

“वाचूनच कळ फिरवते, सरकार. पाटीवर न्याय समान लिहिलाय, मिनिटं कुठे लिहिलीत? परवापर्यंत ट्रकवाला तासभर ताटकळायचा आणि सरकार पहिल्याच हिरव्यात सुटायचे. आता तोही मिनिटभर थांबतो आणि सरकारही. याहून समान कसं करू?”

मचाणाखाली उभ्या राणबाने डोळे मिटून घेतले.

महाराजांनी पाटीकडे पाहिलं, मग घुमटाकडे, आणि खदखदून हसले. “पोरी, आजपासून संस्थानातले सगळे दिवे तुझ्या हाती! आणि हा कंठा घे. अजून काय हवं ते माग!”

“मागते, सरकार, पण आधी मोटार हलवा! हिरवा झालाय, आणि मागे दिवाणसाहेब भोंगा वाजवतायत!”