बुडाला ठाऊक असलेली हद्द

इंग्लंडातल्या एका दरीत एक गाव होतं. इतकं इवलंसं, की रस्त्यात गाय बसली की येणंजाणं बंद आणि गाय उठली की बाजार सुरू. पण इतिहास म्हणाल तर भलताच लांबलचक. रोमन आले, गावातून सरळसोट रस्ता काढला आणि त्याच रस्त्याने निघून गेले. मग होड्यांतून दाढीवाले लुटारू आले. लुटायला चीजशिवाय काही सापडेना, तेव्हा चीज खाल्लं आणि त्या चवीपायी गावचे जावई होऊन बसले. पुढे एका सरदाराने किल्ला बांधला. तो चिखलात असा खचला, की त्याच्या बुरुजावर कोंबड्या चालत चढून अंडी घालू लागल्या.

राज्यं आली, गेली. गावाने एक रिवाज मात्र सोडला नाही. दर वसंतात सारं गाव हद्दीवरून चालत जाई. हद्दीचा दगड आला की त्याला काठ्यांनी बडवायचं आणि एखाद्या पोराला उचलून त्याचं बूड दगडावर धपकन आपटायचं. बूड दुखलं की जागा जन्मभर लक्षात राहते, असा हिशेब.

मॉड आजी लहानपणी कुरणाच्या टोकाच्या दगडावर अशी आपटली होती, की गडगडत थेट ओढ्यात. आता तिचे गुडघे कुरकुरत. पण त्याच कुरणावर तिची बदकं चरत आणि बदकांवर तिचं घर चाले.

एका वसंतात शेजारचा जमीनदार आला. "कशाला चिखल तुडवता, मंडळी? दगड काय पळून जातात? जेवायलाच या माझ्याकडे. आख्खं डुक्कर भाजतोय."

सगळे आजीकडे बघू लागले. आजीने गुडघा चोळला. "यंदा जेवून घेऊ," ती म्हणाली. "दगड पुढच्या वर्षी बडवू."

पुढच्या वर्षी डुक्कर आणखी मोठं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी सोबत पुडिंगही आलं. आणि एका सकाळी आजी बदकं घेऊन निघाली, तर कुरणात आडवं कुंपण. ओढा कुंपणापलीकडे आणि हद्दीचे सगळे दगड अलीकडे, साळसूदासारखे ओळीने उभे.

"दगड जिथे, हद्द तिथे," जमीनदार म्हणाला. "तुमचं कुरण मुळातच लहान."

गावाने न्यायाधीशाला बोलावलं. तो बग्गीतून उतरला आणि म्हणाला, "पुरावा काय?"

"बूड," आजी म्हणाली.

न्यायाधीशाने चष्मा पुसला. "कोणाचं?"

"माझं, महाराज. मी या टोकाच्या दगडावरून ओढ्यात गडगडले होते. तुम्ही बसा, मी ढकलते. ओढ्यात पोचलात तर कुरण त्याचं."

न्यायाधीशाने सपाट गवताकडे पाहिलं आणि बसायचं टाळलं.

"म्हातारीला भ्रम झालाय," जमीनदार हसला.

कुरण गेलं तर बदकं गेली. तिने काठी उचलली आणि साऱ्या म्हाताऱ्यांना हाक दिली, "जो जिथे आपटला, त्याने तिथे जाऊन उभं राहायचं. निघा."

मग काय विचारता. कुंपण ओलांडून लोहार पळाला, चांभार पळाला, एरवी अंथरुणातून न उठणारी दाईसुद्धा घागरा सावरत पळाली. कोणी क्षणभर अडखळलं नाही. सगळ्यांत पुढे ओढ्याच्या काठावर मॉड आजी, धापा टाकत.

"खणा," न्यायाधीश म्हणाला. राहवेना, तेव्हा स्वतःच गुडघ्यांवर बसून उकरू लागला. प्रत्येकाच्या पायाखाली दगडाच्या आकाराचा खड्डा निघाला, ताज्या मातीने बुजवलेला.

जमीनदाराला आपल्या हातांनी एकेक दगड परत वाहून आणावा लागला.

शेवटचा दगड बसताच आजीने वसंताची वाट न पाहता गाव चालायला काढलं. दगडापाशी एका आईने आपली चिमुरडी पुढे केली. "आजी, हळू आपटा हं."

"हळू आपटलं तर विसरेल," आजी म्हणाली आणि बाह्या सरसावल्या.

तात्पर्य: आपलं जे आहे, ते वर्षातून एकदा तरी आपल्या पायांनी फिरून बघावं. फुकटच्या मेजवानीत पोट भरतं आणि कुरण जातं.