सकाळी लावलेला थर

"नाना, बोला तरी. बोर्ड बरो झालो की नाय?"

भार्गवनाना खाटेवर उशीला टेकून बसले होते. आयुष्यभर फायबरची धूळ छातीत गेलेली. आता तर डॉक्टरांनीही हात टेकले होते.

त्यांच्या हाताखाली शिकलेल्या निशिकांतने घरच्या पडवीत बनवलेला पहिलावहिला सर्फबोर्ड त्यांच्या मांडीवर आडवा ठेवला होता. बोर्ड असा चकाकत होता, की त्यात तोंड पाहावं. निशिकांतने ते येता येता दोनदा पाहिलंही होतं.

किनाऱ्यावरच्या निम्म्या होड्यांना नानांच्या हातचं फायबर होतं. पण कुणाच्या कामाला त्यांनी 'बरं झालं' म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं. निशिकांतला तोच शब्द हवा होता, नाना जायच्या आत. दुसरं काहीही नको होतं.

नानांनी डोळे मिटले आणि बोर्डावर टिचकी मारली.

टक्.

जरा पुढे... टक्.

मधोमध बोट आलं आणि आवाज बदलला. डब्.

पोकळ जागेचा तो आवाज निशिकांतनेही ओळखला.

"थर कधी लावलंस?"

"सकाळी."

"सकाळी कित्याक?"

ऊन चढतं तसा बोर्डाच्या पोटातला फोम तापतो, त्यातली हवा फुगते आणि रेझिनने ओल्या झालेल्या फायबरच्या कापडाला वर उचलते. म्हणून थर उन्हं उतरतानाच लावायचा. हे सांगून सांगून नानांचं तोंड दुखलं होतं. पण आमच्या निशिकांतला वाटे, नियम बाकीच्यांसाठी. आपला हातच तसा आहे!

"संध्याकाळपर्यंत थांबाक धीर नाय झालो," तो पुटपुटला. "वाटला, तोपर्यंत तुमी..."



नानांनी हात पुढे केला. कशासाठी, ते त्याला कळलं. त्याने फळीवरची सुरी उचलली, पण दिली नाही.

"बारीक भोक पाडून आत रेझिन भरतंय, नाना. वरून घासलंय की कोणाक कळाचा नाय."

हात तसाच पुढे राहिला.

निशिकांतने सुरी दिली.

नानांनी चकाकत्या पाठीवर चीर दिली. मग निशिकांतचं बोट धरून आत घातलं. खाली नुसती पोकळी. थर फोमला चिकटलाच नव्हता. निशिकांतने जरा ओढून पाहिलं, तर अख्खा पापुद्रा शेपटापर्यंत सुटत गेला.

तो खाटेशी खाली बसला. रडायची त्याला आता लाजही वाटेना.

"दुसरो करूक दिवस नाय, नाना. तुमकाय ठावक असा." त्याने खाटेची कड घट्ट धरली. "एकदाच म्हणा, बरो झालो. खोटा म्हणा. माका चलात."



"म्हणाचा माकाय होता रे," नाना म्हणाले. मग खोकल्याची उबळ आली आणि बराच वेळ गेली नाही. निशिकांतने पाणी दिलं. ते त्यांनी घेतलं नाही. त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"पण खोटा बोलल्यार ता सांभाळूक मागे रवाचा लागता, झिला. मी खय रवतंय?"