डबीतलं औषध

शुद्धलेखनाच्या चुका असतील तर माफ करा. माझी शाळा सातवीतच सुटली, शब्दही साधेच येतात. गोष्ट मात्र मनापासून लिहिली आहे.

एका गावात एक बुरूड होता. बांबूच्या कामट्या काढून तो सुपं, टोपल्या विणायचा. जवळ तंबाखूची डबी असायचीच. पाच वर्षांची लेक विचारायची, "बाबा, हे काय हो?"

"औषध आहे गं. दात दुखले की लावायचं."

बायको म्हणायची, "पोरीला खोटं कशाला सांगता?"

"लहान आहे ती. तिला काय कळतंय!"

एके दुपारी धाकटं बाळ रडू लागलं. त्याला दात येत होते. आई विहिरीवर होती आणि बुरूड मागच्या अंगणात बांबू फोडत होता. डबी सुपातच राहिली होती. मुलीने चिमूटभर औषध घेऊन बाळाच्या हिरडीला लावलं.

आई परतली तर बाळ ओकत होतं. तिने घागर टाकली आणि पदराने त्याच्या तोंडातली तंबाखू पुसून काढली. वैद्य धावत आले. त्यांनी बाळाला नीट तपासलं.

"वेळेवर पुसलंत. आता भीती नाही."

बाळ दूध पिऊन झोपलं, तेव्हा कुठे घराचा जीव भांड्यात पडला. मग बुरडाने कामटी उगारली. मुलगी बांबूंच्या मोळीआड लपली.

"पण बाबा, तुम्हीच म्हणालात ना औषध आहे? मी दातालाच लावलं."

बुरडाने कामटी खाली टाकली. तो मोळीपाशी जाऊन बसला.

"पोरी, चूक माझी. ते औषध नाही, तंबाखू आहे. मला ती सुटत नाही, म्हणून मी तिला चांगलं नाव दिलं."

तेव्हापासून त्याने डबी काढली की मुलगी विचारायची, "बाबा, काय खाताय?"

"तंबाखू," तो पुटपुटायचा.

"जरा मोठ्याने बोला," बायको हसायची, "शेजारणीला ऐकू गेलं नाही!"

रोज तेच नाव घेऊन त्याला लाज वाटू लागली. हळूहळू डबी कमी उघडू लागली. दिवाळीपर्यंत तिच्यात बडीशेप आली.

पुढे मुलगी मोठी झाली. ती बाजारात सुपं विकत असताना एका मैत्रिणीने चिमूट पुढे केली. "घे गं, थकवा जातो. औषधच आहे."

मुलगी हसली. "ह्या औषधाचं खरं नाव बाबांनी मला कधीच सांगितलंय."

तात्पर्य: व्यसनाला गोड नाव देऊ नये. आईबापांनी लहानपणी सांगितलेलं खरं मुलांना मोठेपणी सांभाळतं.

हे लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पोराने विचारलं, "खिशात काय आहे?" रोज मी "मोठ्यांचा खाऊ" म्हणायचो. त्या दिवशी खरं नाव सांगितलं आणि त्याच्यासमोर पुडी चुलीत टाकली.