शालवाल्याची आमरी

एकदा घाटमाथ्यावरच्या एका गावात शालींचे एक व्यापारी शिष्य व्हायला निघाले. वयाच्या साठाव्या वर्षी, आणि हातात कुंडी घेऊन. गाव त्यांना विश्वंभरशेठ म्हणत असे. जगातलं कुठलंही दुःख उबेनं बरं होतं, अशी त्यांची ठाम श्रद्धा होती आणि त्यांचं दुकानही त्याच श्रद्धेवर चालत होतं.

कुंडीत आमरी होती. रानात झाडांच्या फांद्यांवर वाढणारी ही वनस्पती, शहरात तिला ऑर्किड म्हणतात. शेठजींच्या पत्नीला, इंदुमतीबाईंना, ती त्यांच्या आईनं शेवटच्या भेटीत दिली होती. कोळशाच्या तुकड्यांत रुजवलेली, वीतभर उंचीची. दर वैशाखात तिला गुलाबी तुरा यायचा. यंदा लेकीच्या बाळंतपणासाठी बाई तीन महिने परगावी गेल्या आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "अहो, तिला आहे तिथंच राहू द्या. बाकी काही करू नका."

काहीच न करणं व्यापारी माणसाला कसं जमावं? आमरी पूर्वेच्या खिडकीत होती आणि खिडकीला विरलेल्या जुन्या पातळाचा पडदा होता. शालवाल्याच्या घरात पातळाचा पडदा, लोक काय म्हणतील, म्हणून शेठजींनी तो पहिल्याच दिवशी काढला आणि कुंडी उचलून दक्षिणेच्या मोठ्या खिडकीत भर उन्हात ठेवली. आठवड्यात पानांना लाली चढली. "बाळसं धरलं!" म्हणून शेठजी खूश झाले. लालीचे काळे डाग झाले तेव्हा घाबरून त्यांनी कुंडी देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेली. तिथं पानं गर्द हिरवी झाली, शेठजी पुन्हा खूश झाले, आणि मग पानांनी माना टाकल्या. थंडी बाधली असणार, असं निदान करून ते रोज संध्याकाळी कुंडीला दुकानातली उत्तम शाल गुंडाळू लागले आणि तिला पाणी तापवायच्या बंबाशेजारी बसवू लागले. सातांपैकी चार पानं गळली.

दर रविवारी फोनवर प्रश्न यायचा, "आमरी कशी आहे?" शेठजी सांगायचे, "मजेत आहे." अक्षय्यतृतीयेला बाई परतणार होत्या, त्याला महिना उरला होता. सासूबाईंची शेवटची खूण आपल्या हातून जाणार, या धास्तीनं शेठजींना अन्न गोड लागेना.

गावाबाहेर एक वृद्ध गुरुजी राहत. त्यांच्या खिडक्यांत चाळीस आमऱ्या सुखानं नांदत होत्या. शेठजींनी कुंडी त्यांच्यापुढे ठेवली, वाकून नमस्कार केला, आजवर केलेले सगळे उपाय सांगितले आणि ते म्हणाले, "गुरुजी, मला शिष्य करून घ्या. प्रकाश आणि उष्णता यांचं शास्त्र शिकवा. मोजायला यंत्र लागत असेल तर तेही मागवतो."

गुरुजींनी कुंडी सावलीत सरकवली आणि दक्षिणेच्या खिडकीकडे बोट दाखवलं. "त्या कट्ट्यावर बसा. अंगावरची शाल काढायची नाही, मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

शेठजींना वाटलं, हीच दीक्षा. त्यांनी मांडी घातली, डोळे मिटले आणि चेहऱ्यावर तेज आणायचा प्रयत्न केला. पाव तासात ते आपोआप आलं. अर्ध्या तासानं कानशिलं तापली, काचेला टेकलेली पाठ भाजू लागली.

"गुरुजी, मंत्र कधी देणार?"

"बसा."

"निदान जरा सरकून बसू?"

"नाही."

तासाभरानं गुरुजींनी त्यांना उठवलं आणि सामानाच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन बसवलं. घामाघूम शेठजी तिथं गारठले, सात वेळा शिंकले, आणि आपण माणूस तर योग्य गाठला ना, अशी शंका त्यांना येऊ लागली. शेवटी गुरुजींनी त्यांना पूर्वेच्या खिडकीत आणलं. तिथं झिरझिरीत धोतराचा पडदा होता. शेठजींना इतकं बरं वाटलं की ते बसल्या बसल्या घोरू लागले.

"ही जागा आमरीची," त्यांना हलवून जागं करत गुरुजी म्हणाले. त्यांनी कट्ट्यावर आपला हात धरला. "हाताची सावली पाहा. कड सुरीसारखी धारदार दिसली तर ऊन फार. सावलीच पडली नाही तर उजेड फार थोडा. अशी पुसट पडली की पुरे. यंत्र हेच. आणि शेठजी, भाजलं की तुम्हाला सरकावंसं वाटतं, गारठलात की शाल ओढता. आमरीला उठता येत नाही. ज्याला जागेवरून हलता येत नाही, त्याच्या जागी आधी आपण बसून पाहावं. तुम्ही केलंत ते मायेनंच केलंत, पण दुकानाच्या गादीवर बसून केलंत."

"यंदा तुरा येईल का हो?"

"यंदा तुरा विसरा. जगली तरी पुष्कळ."

घरी येऊन शेठजींनी ट्रंकेतलं पातळ शोधलं आणि पुन्हा पूर्वेच्या खिडकीला लावलं. कट्ट्यावर कुंडीचा गोल डाग अजून होता, त्यावर नेमकी कुंडी ठेवली. पण नवा शिष्य तेवढ्यानं थांबतो का? ते घरभर बसत सुटले. ओसरीत बसले, जिन्यात बसले, माळ्यावरसुद्धा बसले. बायको नसल्यानं शेठजींच्या डोक्यावर परिणाम झाला, असं शेजारी म्हणू लागले. असंच एकदा दुपारी चार वाजता ते स्वयंपाकघरात ओट्यापुढे जाऊन उभे राहिले.

पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट डोळ्यांत घुसलं. त्यांनी गॅस पेटवून चहाचं आधण ठेवलं. वर ऊन, खाली जाळ. उकळी फुटायच्या आत ते बाजूला झाले. तीस वर्षं रोज चार वाजता याच जागेवरून आपला चहा दुकानात येत होता. लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी इंदुमती एकदा म्हणाली होती, "इथं फार ऊन येतं हो." आणि आपण म्हणालो होतो, "ऊब बरी असते." तिनं पुन्हा विषय काढला नव्हता. शेठजींना मनापासून लाज वाटली.

अक्षय्यतृतीयेला बाई आल्या त्या पिशवी खाली न ठेवताच पूर्वेच्या खिडकीशी गेल्या. तीन पानं होती, तुरा नव्हता. कोळशांतून एका नव्या मुळाचं हिरवं टोक तेवढं डोकावत होतं.

"काय केलंत हो हिचं?"

शेठजींनी सगळं सांगितलं. बंब आणि शालसुद्धा लपवली नाही.

"आणि दर रविवारी मजेत म्हणत होतात!" बाईंचे डोळे भरून आले. पिशवी तिथंच टाकून त्या आत निघून गेल्या.

चार वाजता सवयीनं त्या चहाला उठल्या. पश्चिमेच्या खिडकीला नव्या मलमलीचा पातळ पडदा लावलेला होता, जरा तिरकाच. ओट्यावर त्यांच्या हाताची सावली पुसट पडली होती. बाई बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. बाहेर येऊन त्यांनी शेठजींच्या हातात कप दिला. चहात साखर दोनदा पडली होती.

शेठजींनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.