अण्णांच्या नोटांतलं रान

फुलपात्रभर दूधसुद्धा ज्या घरात रोज येत नसे, त्या घरात बकुळी नावाची चिमुकली पोर राहायची. आई तापाने अंथरुणाला खिळलेली. म्हणून बकुळी शेजारच्या दामूअण्णांकडे झाडलोट करी आणि आईच्या पेजेपुरते तांदूळ आणी.

अण्णांकडे देशोदेशीच्या नोटा होत्या. खर्चायच्या नव्हेत हं, नुसत्या बघायच्या! कुणावर ऐटबाज गेंडा, कुणावर गुलाबी रोहित पक्षी, कुणावर निळ्याशार तळ्यासकट अख्खं अभयारण्य. गुडघे गेल्यापासून अण्णांना रान पारखं झालं होतं. नोटा ते चिमट्यानेच उचलत. "हात लावलास तर पुन्हा उंबरा चढायचा नाही," त्यांनी बकुळीला बजावलं होतं.

एका सकाळी अंगणात मांडलेल्या गेंड्याच्या नोटेवर तिला चिखलाचा ठिपका दिसला. अण्णांना वाईट वाटेल, म्हणून तिने तो ओल्या फडक्याने पुसला. झालं! करकरीत नोट पोळीसारखी लुळी पडली.

रडत रडत तिने नोट उन्हाकडे धरली. तशी नोटेच्या कोऱ्या भागातली फिकट आकृती हलली आणि टुणकन बाहेर आली. बोटभर उंचीची, सोनपंखी परी!

"रडू नकोस, सोनुले. एक इच्छा माग. फक्त एक. पण स्वतःसाठी नाही आणि घरच्यांसाठीही नाही."

'नोट कडक होऊ दे,' असं बकुळी म्हणणार, इतक्यात काठी टेकत अण्णा आले. "पुन्हा एकदा तरी खरं रान दिसायला हवं होतं," ते स्वतःशीच पुटपुटले.

बकुळीने लुळ्या नोटेकडे एकदा पाहिलं. "अण्णांना रान दिसू दे!"

नोटा सळसळल्या. अंगणात हिरवंगार गवत डोललं, तळं चमचमलं, गुलाबी थवे उतरले आणि चिखलाने माखलेला गेंडा डुलत डुलत आला. काय तो थाट! अण्णा टाळ्या पिटू लागले. बकुळीने मात्र लुळी नोट पुढे केली. "अण्णा, मी हिला पाणी लावलं. परीने एकच इच्छा दिली होती, ती रानावर गेली. आता मला येऊ देणार नाही ना?"

"वेडे, ही नोट वाचवायची सोडून तू माझ्यासाठी रान मागितलंस?" अण्णांचे डोळे भरून आले.

"तुम्हालाही एक इच्छा, अण्णा," परी हसली. "नियम तोच."

अण्णांनी दुखऱ्या गुडघ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "हिची आई खडखडीत बरी होऊ दे."

लख्ख उजेड पडला, आणि त्यात परी विरून गेली.

कुंपणापलीकडून हाक आली, "बकुळेऽ, अगं कुठं आहेस? मला भूक लागलीय!"