तांबोबा आणि कडू घास

बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, ही गोष्ट इतकी जुनी आहे, की ती घडली तेव्हा आपल्या नदीचं नावसुद्धा ठेवायचं होतं.

त्या काळी एका गावात गेनबा नावाचा तांबट राहत होता. हात असा कसबी, की त्यानं ठोकलेली घागर कधी थेंबभर गळली नाही. गावाची एक रीत होती. ज्या घरचं माणूस जाई, त्या घरी चूल पेटत नसे. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी न्यायची आणि घरच्यांसोबत बसून खायची. याला म्हणत कडू घास.

आता खरं सांगा, असल्या घरी जायला कुणाचा पाय निघतो? काय बोलावं सुचत नाही, कुठं बघावं कळत नाही. गेनबाला तर दुसऱ्याचं रडणं बघवतच नसे. मग त्यानं शक्कल लढवली. तांब्याचा एक माणूस घडवला. तो चाले, बोले, ऐकलेलं सारं लक्षात ठेवी आणि वेळेला डोळ्यांतून पाणीही काढी. गावानं त्याचं नाव ठेवलं तांबोबा.

लोकांचं आयतंच फावलं! कुणी गेलं, की टोपली तांबोबाच्या हाती द्यायची आणि आपण आपल्या कामाला लागायचं. तांबोबा गोड बोले, कधी कंटाळत नसे. गेनबा मिशीला पीळ देऊन म्हणे, "बघा, माझ्या तांब्यात काळीज आलं!"

"काळीज काय भट्टीत ओततात होय रे?" देवळातले शास्त्रीबुवा विचारत. पारावर या दोघांची रोज जुंपायची.

अशात म्हादू कोष्टी वारला. गेनबाचा लंगोटीयार. मागं त्याची बायको साळू एकटी उरली. गेनबाला जायचं होतं, पण पाय काही उचलेना. त्यानं तांबोबालाच धाडलं.

टोपली जशीच्या तशी परत आली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. साळू भिंतीकडे तोंड करून पडलेली, पाण्याच्या घोटापलीकडे पोटात काही नाही. वैद्य म्हणाले, "आज दोन घास गेले नाहीत, तर बाई हातची जाईल."

गेनबा तांबोबावर उखडला. "अरे ठोंब्या, तू बोललास तरी काय?"

"चाळीस घरी बोललो तेच, धनी. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

"तुला तिची कणव येते की नाही? खरं सांग!"

तांबोबानं आपल्या छातीवर हात ठेवून बघितला. मग म्हणाला, "ठाऊक नाही, धनी. आत काहीतरी हलतं. ती कणव, की तुम्ही बसवलेलं चाक, कसं ओळखू? पण साळूबाई तिन्ही दिवस मला एकच विचारत होत्या, 'गेनबा भावजी का नाही आले?'"

गेनबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टोपली घेऊन त्यानं तडक साळूचं घर गाठलं. वाटेत शहाणपणाची चार वाक्यं जुळवली होती. दारातून म्हादूचा रिकामा माग दिसला आणि चारही पळाली. भाकरी मोडायला बसला आणि तशीच टोपलीत ठेवली. एवढा धिप्पाड बाप्या, पण ढसाढसा रडला.

"वहिनी, माझा म्हादू गेला हो! आणि मी भित्रा, तीन दिवस तोंड लपवून बसलो!"

साळूनं कूस बदलली. त्याच्याकडे बघत ती हळूहळू उठून बसली.

"सावरा, भावजी," ती म्हणाली. "तुम्हीही जेवला नसाल. घ्या बघू."

तिनं भाकरीचा तुकडा पिठल्याला लावून त्याच्या हातात दिला, आणि दुसरा आपल्या तोंडात घातला. रडत रडत दोघांनी टोपली संपवली. साळू वाचली.

त्यानंतर कडू घास न्यायला गावातली माणसं स्वतः जाऊ लागली. तांबोबा सोबत असे, पाण्याचा जड हंडा तोच उचले, आणि कोपऱ्यात बसून सगळं बघत राही. त्याच्यात काळीज येणार की नाही, यावर गेनबा आणि शास्त्रीबुवा जन्मभर भांडले. भांडोत बापडे!

तात्पर्य: यंत्राला कणव येईल की नाही ते पुढचं पुढं, पण आपली कणव त्याच्या हाती धाडली, तर आपण मात्र नक्की कोरडे होतो.