कांडणारणीचे नाव

पूर्वी वेत्रवती नगरात चंडसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा बीजाध्यक्ष होता. अर्धे आयुष्य घालून त्याने एक नवी साळ निवडून काढली. तिच्या लोंब्या अशा भरल्या, की शेतकरी बांधावर थांबून बघत राहत. राजा बेहद्द खूश झाला. येत्या पेरणीला राज्यभर हीच साळ, असे त्याने ठरवले आणि बोधिसत्त्वाला मंत्रिपद कबूल केले.

ज्या गावी ती आधी पेरली होती, तिथे बोधिसत्त्व चौकशीला गेला. पुरुषांनी तोंडभरून कौतुक केले. बायका मात्र गप्प! तेव्हा काहीतरी निमित्त काढून त्याने गावप्रमुखाला दूर पाठवले आणि स्वतः उखळापाशी जाऊन बसला. सोमदा नावाची एक सून तिथे कांडत होती.

"आता विचारताय होय, बाबा?" ती म्हणाली. "पेरायच्या आधी विचारायचं होतं. या साळीचं तूस सुटता सुटत नाही. पहाटेपासून कांडतेय, खांदा भरून आलाय, आणि वर सासूबाई मलाच कामचोर म्हणतात. पण माझं नाव कुठं काढू नका हं. नवऱ्याला कळलं तर पाठ फोडून काढील."

बोधिसत्त्वाने शब्द दिला. त्याला स्वतःच्याच साळीची लाज वाटली.

दरबारात एका बाईची तक्रार नाव न घेता सांगून त्याने ती साळ वाटू नये म्हणून विनवले. राजापुढे स्वतः मुसळ घेऊन कांडून दाखवले. तूस काही सुटेना.

"अहो, तुम्हाला सवय कुठली!" दरबारी हसले.

राजा म्हणाला, "तक्रार करणारी बाई कोण, तिला इथे उभी करा. तिने स्वतःच्या तोंडाने सांगितले, तर साळ थांबवतो."

एका नावाने राज्यातल्या साऱ्या बायका सुटणार होत्या. बोधिसत्त्व पुन्हा सोमदेकडे गेला आणि राजाचे म्हणणे जसेच्या तसे तिला सांगितले.

"नको, बाबा," ती म्हणाली. "राजा उद्या विसरून जाईल. नवरा नाही विसरायचा."

इतर बायकांनीही माना खाली घातल्या. त्याने कुणालाच गळ घातली नाही. परत येऊन तो राजाला एवढेच म्हणाला, "नाव सांगायची मला परवानगी नाही."

राजाने त्याचे पद काढून घेतले आणि साळ राज्यभर वाटली. मग घरोघरी बायकांचे जे हाल झाले, ते काय सांगावे!

बोधिसत्त्व रानाकाठी झोपडी बांधून राहिला. या खेपेला तो आधी बायकांना विचारी, मूठमूठ साळ स्वतः कांडून पाही, मगच बी राखी. केस पिकले तेव्हा कुठे सहज तूस सोडणारी साळ हाती आली. पहिली परडी घेऊन तो सोमदेकडे गेला. तिचा उजवा हात तोवर कायमचा लुळा पडला होता. तिने डाव्या हाताने दाणे चुरडले, तूस फुंकून टाकले.

"सुनेला होईल," ती म्हणाली आणि रडू लागली.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा चंडसेन म्हणजे देवदत्त आणि बीजाध्यक्ष तो मीच. सोमदाही आज या सभेत बसली आहे. ती कोण, हे मात्र तिच्या संमतीवाचून मी सांगणार नाही. दिलेला शब्द शेवटपर्यंत पाळणे, सत्यपारमिता म्हणतात ती हीच."